रिमांतास कुणाकडून खेळतो

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात, एका मंगळवारी दुपारी, कॅमॅक हॉक्स या बास्केटबॉल क्लबने आपला खेळाडू किलियन वॉटरफोर्डच्या क्लबला देऊन टाकला, आणि त्या दिवशी हेमचंद्र देवतळेचं ऑफिसात लक्ष लागलं नाही.

आयर्लंडातल्या क्लोनडॉकिनच्या बिझनेस पार्कमधल्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्यांनी 'झालं, चालतंय' म्हणून पुढे सरकवलेल्या कामात खोट कुठे आहे हे शोधायचा त्याला पगार मिळायचा, आणि बावीस वर्षं हेच केल्यावर माणसाची नजर घरी आल्यावरही बदलत नाही. क्लबचं पत्रक त्याने तीनदा वाचलं. किलियनला वॉटरफोर्डच्या एका शाळेत शिक्षकाची नोकरी लागली आहे, त्याच्याच विनंतीवरून त्याला मोकळं करत आहोत, बदल्यात वॉटरफोर्डच्या हार्बर क्लबचा बास्केटपाशी खेळणारा सहा फूट नऊ इंची लिथुएनियन सेंटर, रिमांतास, उरलेल्या मोसमासाठी आपल्याकडे येत आहे. हेमचंद्रला यातलं एकही वाक्य खरं वाटलं नाही.

आयर्लंडच्या बास्केटबॉलमध्ये अमेरिकेसारखी खेळाडूंची अदलाबदल होत नाही. खेळाडू येतात, जातात. पण दोन क्लब समोरासमोर बसून 'तू हा दे, मी तो देतो' असं करत नाहीत. शिवाय हार्बर म्हणजे गुणतक्त्यात कॅमॅकच्या जेमतेम एक पायरी वरचा संघ. शेवटचा येईल तो खालच्या विभागात जाणार होता, आणि ती शेवटची जागा टाळण्याची झटापट या दोघांतच चालली होती. असा क्लब आपला सगळ्यात उंच माणूस आपल्याच प्रतिस्पर्ध्याला कशाला देईल?

"एक तर तो मोडका असेल," हेमचंद्र नोएलला म्हणाला, "नाहीतर तो अजून त्यांचाच असेल."

नोएल हा सत्तरीचा निवृत्त बसड्रायव्हर. गेली अकरा वर्षं, कॅमॅकचे सामने होतात त्या शाळेच्या हॉलमध्ये तिसऱ्या रांगेत दोघं शेजारी शेजारी बसत. हेमचंद्र नागपूरचा, विद्यापीठाच्या संघातून गार्ड म्हणून खेळलेला; उंची पाच फूट सात इंच, त्यामुळे पुढे काही झालं नाही. क्लोनडॉकिनला नवीन आला तेव्हा एका शनिवारी संध्याकाळी छोट्या रेवाला कडेवर घेऊन रस्त्याने जात असताना हॉलमधून बॉल आपटल्याचा आवाज ऐकू आला, आणि तो सरळ आत शिरला. नोएलने बाकावर सरकून जागा दिली. आयर्लंडात हे आपलं ठिकाण आहे असं त्याला पहिल्यांदा वाटलं ते त्या बाकावर. तेव्हापासून त्याने घरचा एकही सामना चुकवला नव्हता.

नोएलचं म्हणणं पडलं की आधी खेळू तर दे त्याला. इथे कुणाचं नाव न घेता बोलायचं तर 'युवर मॅन' म्हणतात. नोएलसाठी रिमांतास पहिल्या दिवसापासून युवर मॅन होता.

पण युवर मॅनचा खेळ पाहून हेमचंद्रचा संशय बळावतच गेला. एकतीस वर्षांचा, दाढीवाला, अबोल माणूस. सुटा असला की सुरेख खेळायचा, हात लोण्यासारखे मऊ. पण पाच जणांत मिळून खेळायची वेळ आली की काहीतरी बिनसायचं. किलियनच्या जागी आता वीस वर्षांचा ओशीन गार्ड म्हणून खेळत होता. गार्डने बॉल पुढे आणायचा आणि पुढची चाल ओरडून सांगायची. ओशीन घसा फाटेस्तोवर ओरडायचा, आणि रिमांतास जिथे पळायला हवं तिथे उभा राहायचा. एकदा तर पास सरळ त्याच्या डाव्या खांद्यावर आदळला आणि बॉल बाहेर गेला. त्याने वळून पाहिलं ते कुणी दगड मारल्यासारखं.

हेमचंद्रने वही आणली. सहा सामने झाले, त्यातले पाच हरले. त्या सहा सामन्यांत रिमांतासच्या अडतीस चुका त्याने टिपल्या. अडतीसपैकी एकोणतीस डाव्या बाजूला. आणि त्यातल्या निम्म्याहून अधिक शेवटच्या दहा मिनिटांत, सामना अटीतटीला आल्यावर, हॉल डोक्यावर घेतलेला असताना. सहज होणाऱ्या चुका सगळीकडे सारख्या पसरतात, हे त्याला धंद्यामुळे माहीत होतं. एकाच जागी, एकाच वेळी साचतात त्या चुकांमागे काहीतरी कारण असतं.

त्यात एका बुधवारी त्याने आणखी एक गोष्ट पाहिली. रेवा आता तेरा वर्षांची झाली होती आणि क्लबच्या चौदा वर्षांखालच्या संघात खेळत होती. ओशीनच त्या मुलींना शिकवायचा. रेवाला घ्यायला हेमचंद्र गेला तेव्हा पार्किंगमध्ये एका गाडीत रिमांतास बसलेला होता, शेजारी चालकाच्या जागेवर एक बाई, आणि दोघं हळू आवाजात काहीतरी बोलत होती. गाडीच्या पाटीवर W, म्हणजे वॉटरफोर्डची नोंदणी. बाईच्या अंगात हार्बर क्लबचं निळं जॅकेट होतं.

सोमवारी जेवणाच्या सुट्टीत हेमचंद्रने कॅमॅकच्या समर्थकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर या चुकांचा तक्ता टाकला. एकशे चाळीस माणसं होती त्या ग्रुपवर. तक्त्याखाली त्याने पार्किंगमधल्या गाडीचं सांगितलं आणि पुढे लिहिलं की गाडीबद्दल मी काही निष्कर्ष काढत नाही, पण हा माणूस नक्की कुणाकडून खेळतोय हे क्लबला कुणीतरी विचारायला हवं. संध्याकाळपर्यंत साठ उत्तरं आली. 'तू नेमकं बोट ठेवलंस' असं कुणी कुणी लिहिलं होतं. अकरा वर्षांत ग्रुपवर त्याला इतकं कधी कुणी विचारलं नव्हतं. त्याला बरं वाटलं, हे खोटं कशाला सांगा.

पुढच्या शनिवारी तो अण्णांना सोबत घेऊन गेला. अण्णा म्हणजे त्याचे वडील, वय शहात्तर, नागपूरच्या कापडगिरणीत एकतीस वर्षं काढलेले. आई गेल्यावर पहिल्यांदाच चार महिन्यांसाठी आले होते आणि घरात कुणाशी फारसे बोलत नव्हते. हेमचंद्र स्वयंपाकघरातून हाका मारायचा, तर ओ नाही. त्याच्या बायकोने, संध्याने, चहाचं विचारलं, तर खिडकीबाहेर बघत बसलेले. आपल्याकडे येऊन अण्णा नाराज आहेत असं नवराबायकोने धरून चाललं होतं. सामन्याला तरी मन रमेल म्हणून संध्यानेच आग्रह केला.

अण्णांना बास्केटबॉलमधलं काही कळत नव्हतं. ते हातात टोपी धरून शांतपणे बघत बसले. आणि त्या दिवशी रिमांतासच्या हातून दुसरी चूक झाली तेव्हा मागच्या रांगांतून हुर्यो सुरू झाली. आपल्याच खेळाडूची हुर्यो उडवलेली हेमचंद्रने त्या हॉलमध्ये कधी ऐकली नव्हती. कुणीतरी ओरडलं, वॉटरफोर्डला परत जा. लोक हसले. मग चौथ्या क्वार्टरमध्ये पास हुकला तेव्हा वरच्या रांगेतून दुसरा एक आवाज आला: जिथून आलास तिथे परत जा.

यावर हसणारे कमी होते, पण होते.

 हे वाक्य हेमचंद्रने स्वतःला उद्देशून दोनदा ऐकलं होतं, एकदा बसस्टॉपवर आणि एकदा सुपरमार्केटच्या रांगेत. नोएलने मागे वळून त्या आवाजाच्या दिशेने पाहिलं. अण्णांनी विचारलं, लोक काय म्हणतायत. हेमचंद्र म्हणाला, काही नाही, खेळाचंच चाललंय. सामना कॅमॅकने चौदा गुणांनी गमावला.

घर पंधरा मिनिटांवर होतं. दोघं कॅनॉलच्या कडेने चालत निघाले. बारीक भुरभुर चालू होती. रेवा मैत्रिणीबरोबर पुढे गेली होती. काहीतरी बोलायचं म्हणून हेमचंद्रने अण्णांना सगळं सांगितलं, म्हणजे अदलाबदल, वही, चुका, गाडी, ग्रुपवरचा तक्ता. अण्णा शेवटपर्यंत ऐकत राहिले.

"तो पोट्टा लबाड नाही," ते म्हणाले. "त्याले डाव्या कानानं ऐकू येत नाही."

"कशावरून म्हणता, अण्णा?"

"कोणी बोललं की तो आधी तोंडाकडे पाह्यते. तो शिकवणारा गुरुजी मधामधात सगळ्यायले बोलावते ना, तवा हा फिरून अशा जागी जाऊन उभा राह्यते का उजवा कान त्याच्याकडे राह्यला पाह्यजे. पाच बार बोलावलं, पाची बार पाह्यलं मी. अन् लोकं बोंबलाले लागले का बिचाऱ्याचं संपलंच."

"तुम्हाला एवढं कसं दिसलं?"

अण्णा चालता चालता थांबले. "मी बी तसाच उभा राह्यतो," ते म्हणाले.

हेमचंद्रने पाहिलं, तो अण्णांच्या उजव्या हाताला चालत होता. हॉलमधून बाहेर पडताना तो डावीकडे होता. अण्णा कधी फिरून दुसऱ्या बाजूला आले, हे त्याच्या लक्षातही आलं नव्हतं. मग अण्णांनी थोडक्यात सांगितलं. गिरणीत लूमखात्यात मागांच्या खडखडाटात शेजारच्या माणसाचं बोलणं ऐकू यायचं नाही, सगळं हातांनी आणि ओठांवरून चालायचं. गिरणी बंद पडली तेव्हा डावा कान जवळजवळ गेलेला होता. आईला माहीत होतं. ती नेहमी उजवीकडून चालायची.

"मला का नाही सांगितलं?"

"सांगून तू काय करतं? कानातलं मशीन आणतं. मंग सगळे माह्यासंगं जोऱ्यानं बोलतेत, लहान पोरासंगं बोलल्यासारखं." थोडं पुढे गेल्यावर अण्णा म्हणाले, "अन् हे त्याचं कोणाले सांगू नको. तो लपवते तं त्याले काही कारण असन."

घरी येऊन हेमचंद्रने वही उघडली. अडतीसातल्या एकोणतीस, डाव्या बाजूच्या. शेवटची दहा मिनिटं, जेव्हा गोंगाट सगळ्यात जास्त. आकडे तेच होते आणि आता त्यांचा अर्थ वेगळाच लागत होता. तरी त्याचं मन पुरतं तयार होईना. अण्णा काही डॉक्टर नव्हते. स्वतःला झालेलं दुखणं दुसऱ्यात दिसणं सोपं असतं. शिवाय ऐकू येत नाही म्हणून माणूस हार्बरचा नाही, असं थोडंच ठरतं. ती गाडी होतीच.

बुधवारी तो रेवाला आणायला अर्धा तास लवकर गेला. मुलींचा सराव संपत आला होता, हॉलभर बॉल आपटत होते, आणि मोठ्या संघातले लोक येऊ लागले होते. रिमांतास एका टोकाला एकटाच बास्केटवर बॉल टाकत होता. हेमचंद्र त्याच्या डाव्या बाजूला, चारेक पावलांवर जाऊन उभा राहिला आणि बोलताना हाक मारतात तेवढ्या आवाजात त्याचं नाव घेतलं. रिमांतासने बॉल टाकला, उचलला, पुन्हा टाकला. हेमचंद्रने जरा मोठ्याने हाक मारली. थोड्या अंतरावरच्या दोन मुलींनी वळून पाहिलं, रिमांतासने नाही. मग हेमचंद्र पाठीमागून फिरून उजवीकडे गेला आणि पहिल्यापेक्षा हळू आवाजात म्हणाला, "रिमांतास."

तो लगेच वळला. वळून हेमचंद्रकडे पाहिलं, मग तो आधी जिथे उभा होता त्या जागेकडे पाहिलं, मग त्या दोन मुलींकडे, ज्या अजून इकडेच बघत होत्या. काय झालं ते त्याला कळलं. बॉल काखेत धरून तो जवळ आला आणि मान हलवून बाहेर चल म्हणाला.

कॉरिडॉरमध्ये, बॉल ठेवायच्या कपाटापाशी, दोघं उभे राहिले. रिमांतास इतका उंच होता की हेमचंद्रला मान वर करून बोलावं लागत होतं.

"तू तो आकडेवाला," रिमांतास म्हणाला. "आता हेही ग्रुपवर टाकणार?"

"नाही."

"कुणी सांगितलं तुला?"

"माझ्या वडिलांनी. त्यांचाही एक कान गेलाय. त्यांनी तुला फक्त एकदा खेळताना पाहिलं."

रिमांतासला ते खरं वाटलं नसावं. त्याने कॉरिडॉरच्या दोन्ही टोकांना पाहून घेतलं. मग तुटक तुटक सांगितलं. एकोणिसाव्या वर्षी कानात पू झाला, त्यात तो कान गेला. दुसऱ्या एका देशात वैद्यकीय तपासणीत हे निघालं आणि क्लबने आठवड्याच्या आत घरी पाठवलं. तेव्हापासून तो कुणाला सांगत नाही. हार्बरच्या गार्डने आपणहून ओळखलं होतं. तो सगळं हातांनी सांगायचा, आणि विषय कधी निघाला नाही. इथे ओशीन ओरडतो. रिमांतासला ऐकू आलं नाही की कोच ओशीनला आणखी मोठ्याने ओरडायला सांगतो, आणि मग प्रेक्षकही ओरडायला लागतात.

"आणि ती वॉटरफोर्डची गाडी?" हेमचंद्रने विचारलंच. न विचारता त्याला राहवलं नसतं.

"माझी बायको. तिथल्या हॉस्पिटलमध्ये नर्स आहे. हार्बरचं जॅकेट माझं जुनं आहे, तिला थंडी वाजत होती." रिमांतास त्याच्याकडे बघत राहिला. "किलियनला तिथे नोकरी लागली. दोन्ही क्लबांना सोय झाली. ही अदलाबदल मला विचारून झाली नाही. तू लिहिलंस ते फिरत फिरत तिच्यापर्यंत पोचलं, तिनेही वाचलं. तिच्या वॉर्डातल्या दोघीतिघींनी वाचलं."

हेमचंद्र सॉरी म्हणाला. रिमांतासने ते कानाआड केलं. मेपर्यंतचा करार आहे, कोचला कळलं तर पुढच्या मोसमात मला कुणी घेणार नाही, एवढं बोलून तो आत निघून गेला.

दोन दिवस हेमचंद्रला कशात गोडी वाटेना. ग्रुपवर खरं सांगावं तर त्या माणसाचं गुपित फुटणार. गप्प बसावं तर हुर्यो चालूच राहणार, आणि ती त्याच्या तक्त्यामुळे सुरू झाली होती. शेवटी रविवारी सकाळी त्याने क्लबच्या चॅनेलवरच्या सगळ्या सामन्यांची रेकॉर्डिंग पुन्हा लावली आणि रेवाला शेजारी बसवलं. ओशीनने नुसतं ओरडून सांगितलं तेव्हा काय झालं आणि चुकून हात वर करून सांगितलं तेव्हा काय झालं, एवढंच मोजायचं होतं. रेवाने का म्हणून विचारलं. तो म्हणाला, सहज.

"यू नेव्हर डू एनीथिंग सहज, बाबा," रेवा म्हणाली, पण मोजत राहिली. हात वर करून सांगितलं होतं अकरा वेळा. अकरापैकी नऊ वेळा रिमांतास जिथे हवा तिथे पोचला होता.

ही यादी घेऊन हेमचंद्र ओशीनला भेटला. तीत कानाचा उल्लेख कुठेच नव्हता. नुसते आकडे होते. ओशीनने कागद वाचला आणि याच्याकडे असं पाहिलं की याचा यात काय फायदा. दोन आठवड्यांपूर्वी तूच त्याला फितूर ठरवलास, तो म्हणाला, आणि आता मी त्याला हाताने खुणा करू? हेमचंद्र म्हणाला की मी आकडे चुकीचे वाचले होते, आता नीट वाचलेत, तू एक सामना करून बघ. ओशीनने कागद खिशात घातला. करतो म्हणाला नाही, नाही करत असंही म्हणाला नाही.

पुढच्या सामन्यात पहिला अर्धा वेळ तो नेहमीसारखा ओरडलाच. दुसऱ्या अर्ध्यात, सोळा गुणांनी मागे पडल्यावर, काही हरकत नाही असं वाटून असेल, त्याने मूठ वर केली. रिमांतास पळाला. ओशीनने पास दिला, बॉल आत गेला. पुन्हा दोन बोटं, पुन्हा तेच. सामना हरलेच, पण पाच गुणांनी. त्यानंतर गॉलवेच्या संघाला अकरा गुणांनी हरवलं, आणि त्या सामन्यात ओशीनचा आवाज जवळजवळ ऐकूच आला नाही. कोच म्हणाला, पोरगा शेवटी डोकं वापरायला लागला. ग्रुपवर लोकांनी लिहिलं की हेमचंद्रने लाज काढली म्हणून युवर मॅन सुधारला. ते वाचून हेमचंद्रने फोन उलटा ठेवला.

शेवटचा सामना मार्चमध्ये हार्बरविरुद्ध, वॉटरफोर्डला. जिंकेल तो वाचणार, हरेल तो खाली जाणार. अण्णांचा परतीचा विमानप्रवास दहा दिवसांवर आला होता. तेही येतो म्हणाले. हेमचंद्र, अण्णा आणि रेवा दुपारी गाडीने निघाले. पूर्ण रस्ताभर रेवा पुढच्या सीटवर बसून आजोबांना खेळाचे नियम इंग्रजी-मराठी मिसळून समजावत होती, मागे वळून, त्यांच्या उजव्या बाजूला तोंड करून. तिला हे कुणी सांगितलं होतं, देव जाणे.

पाहुण्यांच्या रांगा जवळजवळ भरलेल्या होत्या. अण्णांच्या पलीकडच्या जागेवर हॉस्पिटलच्या गणवेशावर कोट घातलेली एक बाई येऊन बसली. हेमचंद्रने तिला ओळखलं. तिनेही त्याला ओळखलं असावं, कारण ती अर्धा वेळ होईपर्यंत त्याच्याकडे एकदाही न बघता ताठ बसून राहिली. मध्यंतरात तिने विचारलं, "तक्ता तुम्हीच केला होता ना?"

"हो. चूक माझी होती. मी रिमांतासची माफी मागितली आहे."

"कॉरिडॉरमध्ये," ती म्हणाली. "एकट्याने. आरोप एकशे चाळीस लोकांसमोर केला होतात."

 आता तुम्ही त्याला मदत करताय हेही मला कळलंय, ती म्हणाली, आणि तुम्हाला त्यातून काय हवंय ते मला अजून कळलेलं नाही. तिचा आवाज चढला नव्हता. अण्णा मधे बसून दोघांच्या तोंडांकडे आळीपाळीने पाहत होते. त्यांना भाषा कळत नव्हती, पण काय चाललंय ते कळलं असावं, कारण त्यांनी हेमचंद्रच्या खिशातल्या फोनकडे बोट केलं.

हेमचंद्रने तिथेच बसून ग्रुपवर लिहिलं: 'फेब्रुवारीत मी रिमांतासबद्दल जे लिहिलं ते चुकीचं होतं. तो कॅमॅककडूनच खेळतोय आणि पहिल्या दिवसापासून तसाच खेळत आला आहे. ती गाडी त्याच्या बायकोची आहे. आकड्यांचा मी लावलेला अर्थ चुकीचा होता. यापेक्षा जास्त मी सांगणार नाही.' पाठवून त्याने फोन त्या बाईसमोर धरला. तिने वाचलं, मान हलवली, आणि पुन्हा कोर्टाकडे पाहू लागली.

दुसरा अर्धा सुरू होईपर्यंत उत्तरं यायला लागली. काय झालं, क्लबने दम दिला का? वकिलाची नोटीस आली का? युवर मॅनने किती दिले? त्याच हॉलमध्ये दोन रांगा पुढे नोएल बसला होता. त्याने फोन पाहिला, मागे वळून हेमचंद्रकडे पाहिलं, आणि पुन्हा पुढे तोंड केलं.

किलियन त्या दिवशी फार चांगला खेळला. त्याच्या प्रत्येक पासला हेमचंद्रचे हात टाळीसाठी उचलले जात होते. हा माणूस अकरापैकी सात वर्षं त्याचा होता. पण शेवटच्या चार मिनिटांत, हार्बरचा अख्खा हॉल पाय आपटत असताना, ओशीनने एकदाही तोंड उघडलं नाही. मूठ, दोन बोटं, उघडा तळवा. रिमांतास डावीकडून आला, उजवीकडून आला, शेवटच्या नऊपैकी सात गुण त्याने केले. कॅमॅक तीन गुणांनी जिंकलं. रेवा बाकावर उभी राहून नाचत होती. अण्णांनी आयुष्यात प्रथमच बास्केटबॉलसाठी टाळ्या वाजवल्या. रिमांतासची बायको रडत होती, आणि हेमचंद्रने तिच्याकडे बघायचं टाळलं.

अण्णा परत गेले. मे महिन्यात बातमी आली की रिमांतासने पुढच्या मोसमासाठी हार्बरशी करार केला आहे. खालचा विभाग, पगार कमी. पण घर, बायको तिथेच. पत्रकात हेच लिहिलं होतं, आणि या वेळी हेमचंद्रला त्यातला शब्द न् शब्द खरा वाटला. ग्रुपवर मात्र रान उठलं. बघा, शेवटी तिकडेच गेला. पहिल्यापासून त्यांचाच होता. ज्याने हार्बरला खाली ढकललं तोच हार्बरचा हस्तक कसा, हे कुणी कुणाला विचारलं नाही. हेमचंद्रला दोघांनी वेगळे मेसेज केले की तू माघार घ्यायला नको होतीस. त्याने ते पुसून टाकले.

त्या आठवड्यात नोएलने त्याला कॅनॉलपाशी गाठलं. मार्चपासून दोघं नीट बोलले नव्हते. बराच वेळ नोएल आपल्या गुडघ्याविषयी बोलत राहिला. मग म्हणाला, "तुला काहीतरी माहीत आहे."

"आहे."

"आणि सांगणार नाहीस."

"ते सांगायचा हक्क माझा नाही, नोएल."

नोएलने पाण्याकडे पाहत विचारलं, "पैसे नाहीत ना त्यात?"

"नाहीत."

"ग्रँड," नोएल म्हणाला, म्हणजे ठीक आहे. त्याला पुरतं पटलं नव्हतं हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं, पण तो हेमचंद्रबरोबर पुलापर्यंत चालत आला. पुलावर त्याने विचारलं, पुढच्या वर्षी सेंटर कोण. हेमचंद्र म्हणाला की कॉर्कच्या एका क्लबचा माणूस येतोय असं ओशीनकडून कळलंय, सहा फूट दहा इंच.

नोएल थांबला. "मग कॉर्कवाले त्याला सोडतायत कशाला?"

हेमचंद्रच्या मनात सकाळपासून तोच प्रश्न होता. या वेळी आपण तो थेट त्या माणसालाच विचारू, असं तो म्हणाला, आणि दोघं पूल उतरले.